आईच्या भाकरीचा रिमिक्स

सोलापुरात मी संगीत करतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "डीजे लावता का?" डीजे म्हणजे आमच्याकडे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. मिरवणुकीत ती दारावरून गेली की भांड्यांच्या मांडणीतले पेले खाली येतात. मी तो नव्हे, हे मी बरीच वर्षं समजावून सांगत आलो. माझ्या संगीताला प्रोग्रेसिव्ह हाउस म्हणतात, ते हळूहळू चढत जातं, त्यात शब्द नसतात, सात-आठ मिनिटं चालतं, आणि परदेशातल्या लहान अंधाऱ्या क्लबांत नाचायला वाजवतात. समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे, पण हळदीला किती घेता?" आता मी समजावणं सोडलंय.

पोटासाठी मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. भाड्याचा एक गाळा आहे, त्यात एक कॉम्प्युटर आणि बरे हेडफोन. जगभरातले नवे ट्रॅक आणि रिमिक्स शुक्रवारी येतात, म्हणून शुक्रवारी शटर उघडलं की आधी ते ऐकायचे आणि मग नवरा-नवरीकडे वळायचं, हा माझा नेम. त्या दिवशी उदबत्तीसुद्धा ट्रॅक संपल्यावर लागते. ज्या क्लबांसाठी हे सगळं चालतं तसला क्लब मी एकदाच पाहिला, पुण्यात, आणि तिथंही भिंतीला पाठ लावून उभा होतो. मला नाचता येत नाही.

आईला हे सगळं पोरखेळ वाटायचं, पण ती तसं म्हणायची नाही. ती कडक भाकऱ्या करायची. मंगळवेढ्याच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, ती चुलते कसतात. तिथून वर्षाची ज्वारी यायची आणि आईच्या हातून तिच्या भाकऱ्या व्हायच्या. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. शेजारपाजारचे, परगावी शिकणाऱ्या पोरांचे आईबाप, कुणी ना कुणी सांगून ठेवलेलं असायचं. सकाळी आमच्या घरात बोलण्याआधी थाप ऐकू यायची. पिठाचा उंडा जाड असताना थाप भरीव पडते, भाकरी पसरत गेली की तीच थाप पातळ होते. मला ती इतकी सवयीची होती की ती ऐकू येते हेच मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका ट्रॅकसाठी मला टाळीचा आवाज हवा होता. विकत मिळणाऱ्या टाळ्या सगळ्यांकडे असतात, त्या नको होत्या. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरातला पंखा बंद केला, मिठाच्या बरणीला टेकवून मोबाईल उभा केला आणि आईला म्हणालो, "तू कर तुझं काम." आई म्हणाली, "पंका लाव की, जीव जातोय हितं." पण थापत राहिली. आण्णा, म्हणजे माझे वडील, नेहमीसारखे उंबऱ्याशी पेपर घेऊन बसले होते. मध्येच आईनं तव्यावरची भाकरी काढली आणि त्यांना विचारलं, "अवो, गरम हाय तवर खाताय न्हवं?"

आण्णांनी उत्तर दिलं नाही. ते कधीच देत नसत. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी त्यांची उभी हयात गेली, तिथं बोलून उपयोग नसतो, मान हलवायची असते. घरीही ते मानेवरच भागवायचे, आणि त्या वेळी मान पेपरात होती. आईनं वाट पाहिली नाही. पुढचा उंडा घेतला आणि थाप पुन्हा सुरू झाली.

त्या रेकॉर्डिंगमधून मला हव्या होत्या त्या तीन-चार थापा मी कापून घेतल्या. बाकीचं सगळं, पंख्याची तक्रार, भांडी, तो प्रश्न, बाजूला टाकलं. ट्रॅक झाल्यावर मी हेडफोन आईच्या डोक्याला लावला. तिनं एक बाजू कानावरून सरकवली, कारण गॅसवर दूध होतं. आपली थाप तिला लगेच ओळखू आली. "माज्या भाकरीवर नाचत्यात व्हय लोकं?" म्हणाली आणि हसली. मग बराच वेळ ऐकत राहिली. या संगीतात नमनालाच घडाभर तेल जातं. सुरुवातीला नुसता ठेका असतो, वाजवणाऱ्याला आधीचं गाणं याच्यात मिसळता यावं म्हणून. आई वाट पाहून पाहून म्हणाली, "ह्यात गाणं कवा सुरू हुतंय?" आणि दूध वर आलं म्हणून उठली. मी तिला सांगायला हवं होतं की यात गाणं असं नसतंच. पण ती गेली होती आणि मला जरा रागही आला होता.

युरोपातल्या एका छोट्या कंपनीनं तो ट्रॅक घेतला. मी आईला पेढे आणले. तिनं देवापुढे ठेवले आणि विचारलं, "त्यास्नी ज्वारीची भाकरी म्हाईत हाय का?" त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर आई गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षात बसेपर्यंत बोलत होती, दवाखान्याच्या दारात बोलायची थांबली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

वर्षश्राद्धापर्यंत घरात गाणंबजावणं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. पुरणपोळी नाही, तोरण नाही, वाजप नाही. पहिला महिना टीव्हीही बंद होता. मग आण्णांनी स्वतःच निकाल दिला की बातम्या चालतील. जाहिराती लागल्या की ते रिमोटनं आवाज बंद करतात, कारण जाहिरातीत गाणी असतात. माझ्या खोलीतले दोन स्पीकर त्यांनी धुतलेल्या टॉवेलांनी झाकले. मला काही म्हणाले नाहीत. एके संध्याकाळी मी गाळ्यावरून आलो तर ते झाकलेले होते, कडा नीट दुमडून, कारखान्यात घडी घालायचे तशा. मीही ते काढले नाहीत.

जानेवारीत कंपनीचा मेल आला. ट्रॅकबरोबर एक रिमिक्सही काढायचा, तसा त्यांचा प्रघात असतो. रिमिक्स म्हणजे तुमच्या ट्रॅकचे सुटे भाग दुसऱ्याला द्यायचे आणि त्यानं त्यातून आपलं घर बांधायचं. हा दुसरा माणूस अर्जेंटिनातला होता. त्याचे ट्रॅक मी कितीतरी शुक्रवार ऐकलेले, त्यामुळे मला आनंदच झाला. त्यानं विनंती केली होती की थापेचं मूळ रेकॉर्डिंग, न कापलेलं, मिळालं तर बरं. मी ते पाठवलं. पाठवण्याआधी मी ते ऐकलं नाही. आईचा आवाज असलेलं काहीही ऐकायची माझी तेव्हा छाती नव्हती.

रिमिक्स आला तेव्हा मी गाळ्यात एकटाच होतो. दुपारची वेळ, रस्त्यावर ऊन. सुरुवातीचा ठेका त्यानं माझ्यापेक्षाही लांबवला होता. मग मध्यावर, जिथं ठेक्यातला ढोल थांबतो आणि नाचणारे वर बघतात, तिथं सगळं शांत झालं आणि आई म्हणाली, "अवो, गरम हाय तवर खाताय न्हवं?"

त्यानं ते वाक्य एकदा पूर्ण ठेवलं होतं, पुन्हा एकदा पूर्ण, आणि मग फक्त शेवट. खाताय न्हवं. थोडी शांतता. खाताय न्हवं. दर खेपेला मधली शांतता वाढवत नेलेली. खालून एक सूर इतका हळू वर येत होता की तो कधी सुरू झाला ते सांगता येत नव्हतं. मग पुन्हा ढोल, आणि ढोलात तिची थाप.

मी हेडफोन काढून ठेवले आणि शटर अर्धं ओढून रडलो. पण खरं सांगायचं तर रडण्याच्या आधी मला राग आला होता. मी जे कापून टाकलं होतं तेच त्यानं उचललं होतं. एक शब्द कळत नसताना माझ्या आईचं बोलणं त्याला माझ्यापेक्षा नीट ऐकू आलं होतं. मेलच्या शेवटी त्यानं विचारलं होतं, त्या बाई कोण, त्या काय म्हणताहेत, आणि हे ठेवलेलं तुम्हाला चालेल ना.

चालेल का, हे माझं मला ठरवता येईना. वर्ष सरलं नव्हतं. आई आयुष्यात कधी कुणापुढे गायली नाही, पाहुण्यांसमोर बाहेर येतानासुद्धा पदर सावरून यायची. आणि आता तिचा आवाज हातात दारूचा ग्लास घेतलेल्या, तिचं नावही माहीत नसलेल्या लोकांच्या गर्दीत वाजणार होता. मला एकदा वाटायचं की हा तिचा मान आहे, आणि दुसऱ्या क्षणाला वाटायचं की ही विटंबना आहे. शिवाय प्रश्न तिनं मला विचारलेला नव्हता. ज्यांना विचारला होता ते घरी जाहिरातींचा आवाज बंद करत बसले होते. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी तिचा आवाज त्यातून काढायला लावणार होतो, आणि आवाज काढला की त्या रिमिक्समध्ये काही उरणार नव्हतं, हेही मला पक्कं ठाऊक होतं. कंपनीनं होळीपर्यंत, म्हणजे त्यांच्या मार्चच्या सुरुवातीपर्यंत, उत्तर मागितलं होतं.

फेब्रुवारीअखेर ज्वारीची रास झाली. चुलत्यांचा फोन आला तसे आण्णा आणि मी गाडी घेऊन गावाकडे गेलो. यंदा घरात भाकऱ्या करणारं कुणी नव्हतं, तरी आण्णांनी नेहमीइतकीच पोती गाडीत घातली. चुलते म्हणाले, "एवढी कशाला नेतोस?" आण्णांनी मान हलवली. परतताना बेगमपूरचा पूल ओलांडला, नदीत पाणी थोडंच होतं. पुढे एका बाभळीखाली मी गाडी थांबवली. ऊन कलायला लागलं होतं.

"आण्णा, एक ऐकवायचंय. माज्या गाण्यात आईचा आवाज आलाय."

ते काचेबाहेर बघत राहिले. "घरात नगं," म्हणाले.

"घरात न्हाईच. हितं, गाडीत."

त्यांनी विचार केला. मागच्या पोत्यांकडे एकदा वळून पाहिलं. "गाडी काय घर न्हवं," म्हणाले आणि आपल्या बाजूची काच स्वतःच वर घेतली.

लावण्याआधी मी त्यांना सगळं सांगितलं. हे बाहेरच्या देशात वाजणार, लोक यावर नाचणार, पितीलसुद्धा, त्यांना आई कोण ते कळणार नाही. "तुमी नगं म्हनला तर आवाज काढायला सांगतो," म्हणालो. ते म्हणाले, "आदी लाव की."

ठेका सुरू झाला. गाडीचे स्पीकर साधे, खालचा सूर नीट येईना, आणि त्याही वेळी माझं लक्ष तिकडे गेलं याची मला लाज वाटली. पहिल्या थापेला आण्णा म्हणाले, "तिचीच." मांडीवर हात ठेवून ते समोर रस्त्याकडे बघत होते. उसाची एक ट्रॉली गेली, तिची धूळ काचेवर बसली. मला माहीत होतं मध्य कुठे आहे, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं आणि गिअरच्या दांड्याकडे बघत राहिलो.

ढोल थांबला. अवो, गरम हाय तवर खाताय न्हवं?

आण्णांचा श्वास मला ऐकू आला. वाक्य दुसऱ्यांदा आलं. मग नुसतं खाताय न्हवं, आणि त्यामागची ती शांतता. पुन्हा खाताय न्हवं. आईला गाणं कधी सुरू होतंय ते कळलं नव्हतं. ते इथं सुरू होत होतं.

खाताय न्हवं.

"व्हय," आण्णा म्हणाले.

मी मान वर केली. ते माझ्याशी बोलत नव्हते. आवाज डॅशबोर्डातून येत होता, ते तिकडे बघत होते. खाताय न्हवं, ती पुन्हा म्हणाली, आणि ते म्हणाले, "व्हय. खातो की." घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तेवढ्याच आवाजात. तिनं आणखी विचारलं, आणि दर वेळी, शांतता कितीही लांबली तरी, ते थांबले आणि त्यांनी उत्तर दिलं.

मग ढोल धाडकन परत आला. ते दचकले. मी आवाज कमी करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. शेवटचा नुसता ठेका, जो वाजवणाऱ्याशिवाय कुणी ऐकत नाही, तोही त्यांनी पूर्ण ऐकला. संपल्यावर गाडीत ज्वारीचा वास तेवढा होता.

"तवा मी बोललोच न्हाय," ते म्हणाले. डोळे पुसायची तसदी त्यांनी घेतली नाही.

जे विचारायला आलो होतो तेच मी विचारलं, "मग काढायला सांगू का आवाज?"

"नगं," आण्णा म्हणाले. "इचारू दे तिला."