सीटवर माणूस नको

साखळी हातात असली की तात्यांना सख्खा भाऊही ओळखू येत नसे. तुम्ही समोर उभे राहून तीनदा हाक मारा, हा माणूस ट्रेलरखाली वाकलेला, तोंडाने काहीतरी पुटपुटत कडी ओढून बघतोय. शेवटी पाठ सरळ करून म्हणायचे, "हां, आता बोल. कधी आलास?" आपण अर्धा तास तिथेच उभे असायचो.

आमच्या वाडीत माझ्या घराच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. बंद पडलेले जुने ट्रॅक्टर आपल्या गाडीमागच्या ठेंगण्या ट्रेलरवर चढवायचे आणि मिरजोळ्याच्या गॅरेजात नेऊन पोचवायचे, हा त्यांचा धंदा. आमच्याकडे ट्रॅक्टर मुळात कमी, आणि जे आहेत ते देशावर म्हातारे होऊन इकडे आलेले. तात्यांना कामाची ददात नव्हती. स्वतःचाही एक होता, लाल रंगाचा, रंग कमी आणि गंज जास्त. त्याच्या धुराड्यावर ते पत्र्याचा डबा पालथा घालून ठेवत, पाणी आत जाऊ नये म्हणून.

लादण्याची त्यांची रीत ठरलेली. ट्रॅक्टर थोडा पुढेच घ्यायचा, कारण वजन मागे पडलं की उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. दोन साखळ्या पुढे, दोन मागे, त्याही लोखंडी सांगाड्याला. स्टेअरिंगच्या दांड्याला कुणी आकडा अडकवला की त्याची सात पिढ्यांची चौकशी व्हायची. निघाल्यावर पहिली टपरी आली की गाडी थांबे. सोबत गेलेल्या आम्हाला वाटे चहा. तात्या उतरून आधी चारही साखळ्या ओढून बघणार. "चाकं दबतात मेल्या, मग साखळी ढिली पडते. चहा काय पळून जातोय?" चहा गार व्हायचा आणि मला त्यांचा असा राग यायचा की विचारू नका.

पण खरा हट्ट एकच. जुन्या ट्रॅक्टरचा ब्रेक धड नसतो, म्हणून आमच्याकडे मालकच सीटवर चढून बसतो, ब्रेकवर पाय दाबून, थेट गॅरेजपर्यंत. सगळे बसतात, कुणाला त्यात काही वाटत नाही. तात्या बसू देत नसत. मालगुंडकडचे एक बागायतदार एकदा चढले ते उतरायलाच तयार होईनात. तात्या गाडीची चावी खिशात घालून रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. म्हणाले, "साखळी तुटली तर बाजारात दुसरी मिळते. तुमच्या बायकोला दुसरा नवरा मी कुठून आणू?" बागायतदार चडफडत उतरले.

असा बोलका माणूस, आणि दोन पावसाळ्यांपूर्वी झटका आला त्यात उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला तो फक्त 'आं'. भूक लागली तरी आं, माशी बसली तरी आं. त्यांच्या बायको, आमच्या काकी, एकेक विचारत बसायच्या, पाणी हवंय? पंखा लावू? आणि तात्या मान हलवून हलवून शेवटी डोळे मिटून घ्यायचे. ते बघवत नसे. मी उगाच काम काढून घरी यायचो.

यंदा शिमगा झाल्यावर तात्यांचा तो लाल ट्रॅक्टर जावयाने न्यायचं ठरलं. तात्यांना एकुलती एक मुलगी, शैला; तिला चिपळूणकडे दिलेली. जावई माणूस चांगला, शेती बघणारा. तात्यांचीच गाडी नि ट्रेलर, भाड्याचा फक्त ड्रायव्हर. मी चाकाच्या खुर्चीतून तात्यांना ट्रेलरशी अगदी टेकून नेलं, कारण लांब ठेवलं की ते आं आं करत होते. ड्रायव्हरने सगळं व्यवस्थित केलं. तात्यांची नजर एकेका साखळीवरून फिरली आणि ते गप्प झाले. मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात जावई म्हणाले, "ब्रेक लागत नाही नीट. मी वर बसतो."

तात्यांनी जो आवाज काढला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मी म्हटलं, "जावईबापू, तात्यांना हे चालत नाही."

"अहो, हायवेची कामं चाललीत, रस्ता असा. घाटात सरकला तर वर कुणी नको?"

"सरकला तर तुम्हीच खाली याल," मी म्हटलं. ते हसले. ड्रायव्हर म्हणाला, "मालक म्हणतील तसं." मी काकींकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "जावयांना कसं रे नको म्हणायचं?" आणि मी तरी कोण, शेजारी. आणखी एकदा सांगितलं आणि खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. जावयांनी एक पाय ट्रेलरवर ठेवला.

तात्या खुर्चीतून पुढे कलंडले आणि डाव्या हाताने त्यांनी जावयाचा तो पाय धरला. खुर्ची मी सावरली म्हणून, नाहीतर तोंडावर पडले असते. डोकं जावयाच्या पावलाला लागलेलं.

"अहो तात्या, हे काय, माझ्या पाया काय पडताय? सोडा. शैला काय म्हणेल मला?" जावयांचा चेहरा लालबुंद झाला. ते उतरले आणि कुणाकडे न बघता केबिनमध्ये जाऊन बसले. काकींनी पदर तोंडात कोंबला. या माणसाने कधी कुणापुढे मान वाकवली नव्हती. खोटं कशाला बोलू, मलाही लाज वाटली, तात्यांची.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. काकींनी तो तात्यांच्या कानाला लावला. "पोचलो हो. जरासुद्धा हलला नाही. वर बसलो असतो तरी काही झालं नसतं." तात्यांनी डोळे मिटले आणि बसल्या जागी झोपले, लहान मुलासारखे.

ते पावसाळा काढू शकले नाहीत. तेराव्याला पंगतीत आमच्यातलाच एकजण बोलून गेला, "एवढा ताठ माणूस, पण शेवटी जावयाच्या पाया पडला." मीही तेच बघितलं होतं.

पंगतीच्या टोकाला जावई बसले होते. पानातला भात तसाच होता.

"आठ दिवस घोट्यावर बोटं उठलेली होती माझ्या," ते म्हणाले. "पाया पडणारा माणूस एवढं घट्ट धरत नाही."

आणि पानावरून उठून गेले.