उन्हाळीचं पाणी

आर्णीजवळच्या तांड्यात उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली, की बाया लालीबाईकडे धने भिजवलेलं पाणी मागायला येत. नवऱ्याला, रामधनला, लघवीतून रक्त गेलं तेव्हाही तिनं उन्हाळीच समजून तेच पाजलं. रक्त थांबलं. पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. वर्षभर हेच चाललं.

शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. "मूत्राशयाला सूज राहिली, की पेशींना वाढण्याचा निरोप जातच राहतो. थांबण्याचा पोचत नाही. रक्त मात्र आपोआप येतं-जातं."

रामधन गेला. परवा शेजारीण पाणी मागायला आली, तशी लालीबाई खेकसली, "मले कायले मागतं? दवाखान्यात जाय!"

"पण रामधनभाऊले तं तुह्या पाण्यानं दरखेपी बरं वाटे."

"बरं वाटे वं. म्हणूनच तं नेलं नाही त्याइले."