गैरहजर माणसाचं ताट

हेमा उजगरे वारज्याला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, चर्चला नेमाने जाणाऱ्या, आणि आपलं बरोबर आहे याबद्दल तिळमात्र शंका नसलेल्या. अशी माणसं मला एरवी झेपत नाहीत. हेमामावशी झेपायच्या, कारण त्या आधी करायच्या आणि मग ऐकवायच्या.

त्यांच्या चर्चमध्ये प्रीतिभोजन असे. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, पण पहिलं ताट आजारपणामुळे न आलेल्याच्या घरी पोचवायचं, मग बाकीच्यांनी बसायचं. "अगदी पहिले ख्रिस्ती लोक असंच करायचे," त्या सांगायच्या. "साथ आली की लोक शहर सोडून पळायचे, हे थांबायचे. आपल्यांचं करायचे, परक्यांचंही करायचे."

२००९च्या ऑगस्टात स्वाइन फ्लू आला. अख्खं पुणं रुमालात कापूर-वेलदोडा बांधून हुंगत होतं. रविवारचं प्रीतिभोजन रद्द झालं. त्याच रविवारी मावशींच्या समोरच्या फ्लॅटमधली भाडेकरू वैष्णवी, हिंजवडीला आयटीत काम करणारी, पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टरांनी गोळ्या देऊन घरीच राहायला सांगितलं. तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणी बॅगा उचलून पसार झाल्या. पोरगी तापाने फणफणलेली, आणि आमचे चेअरमन दिगंबरराव बंद दाराबाहेरून ओरडताहेत, "संध्याकाळपर्यंत फ्लॅट खाली करा!" ती जाणार कुठे, हे एकालाही सुचलं नाही. मला भयंकर चीड आली.

तेवढ्यात मावशी झाकलेलं ताट घेऊन बाहेर आल्या. तोंडाला मास्क, काखेत उशी.

"अहो मावशी, हे डॉक्टरांचं काम आहे," दिगंबरराव म्हणाले.

"गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात. पेज कोण भरवणार, तुम्ही?"

"आणि आम्हाला लागण झाली म्हणजे?"

"तर तुमच्याकडेही येईन. आत्ता बाजूला व्हा. दार मी आतून लावतेय. ती बरी होईपर्यंत तिला इथून कुणी हलवायचं नाही."

दिगंबरराव चक्क बाजूला झाले.

आठवडाभर दार बंद होतं. आतून आधी नुसता खोकला ऐकू यायचा. मग "अजून दोन घास" यावरून दोघींची भांडणं सुरू झाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ताप उतरला.

वैष्णवीची आई नांदेडहून धावत आली. लेकीला पोटाशी धरून मनसोक्त रडली आणि मावशींकडे वळली. "आपण हिच्या कोण?"

खरं तर दोन वर्षं समोरासमोर राहून मावशींनी आणि वैष्णवीने एकमेकींना नावही विचारलं नव्हतं.

मावशी चपला घालत म्हणाल्या, "शेजारीण. मागच्या रविवारपासून."