रेक्टम म्हणजे सरळ

मंडळी, आज दुपारी सासऱ्यांच्या स्कॅनचा रिपोर्ट घेऊन ते आणि मी करंजाड्याला घरी परतत होतो. पोट दुखतं म्हणून स्कॅन केला होता. वाटेत टॅक्सी दोन कंटेनरच्या मध्ये अडकली आणि पाऊण तास हललीच नाही.

बाबांनी रिपोर्ट उघडला. "रेक्टममध्ये गाठ लिहिलंय. रेक्टम म्हणजे काय गं?"

पुढे ड्रायव्हर ऐकत होता. दार उघडून पळावंसं वाटलं. मोबाइलवर शोधून मी शब्दाचा अर्थ तेवढा सांगितला. "लॅटिन शब्द आहे, बाबा. म्हणजे सरळ. जुन्या वैद्यांनी प्राण्यांची शरीरं चिरून पाहिली, त्यांच्यात तो भाग सरळ असतो. माणसात वळतो, पण नाव तेच राहिलं."

"पण असतो कुठे तो?"

आता सुटका नव्हती. "मलाशय, बाबा. आतड्याचा शेवटचा भाग. शी साठते तिथे."

ते खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "सहा महिने तिथून रक्त जातंय. कोणाला कसं सांगायचं, कळत नव्हतं."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. उद्या सकाळीच बोलावलंय. भीती वाटतेय.

आमच्या घरात या जागेचं नाव कधी कोणी घेतलंच नव्हतं. तुमच्या घरात घेतात का?