दहाव्याच्या सकाळी घेतलेली हरकत

पैठणला नदीच्या वाळूत वडिलांच्या दहाव्याला बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. निजामाचं राज्य होतं आणि मी पंधरा वर्षांचा होतो. आता नव्वदी कधीच मागं पडली... नातीनं फोनवर टाइप करायला शिकवलंय, म्हणून लिहितोय.

त्या वाळूत आमची खरबुजांची वाडी होती. पूर ओसरला की वडील खड्डे करून बी लावायचे, उन्हाळ्यात फळं निघायची. वडील तापानं गेले, आणि मागं आई, मी आणि ती वाडी, एवढंच राहिलं.

त्याच वर्षी शहरातल्या एका गुत्तेदारानं, म्हणजे ठेकेदारानं, त्या भागाचा परवाना मागितला होता. उथळ पाण्याला बांबूचा कूड घालायचा, आत शिंपले वाढवायचे, आणि काठावर भट्टी लावून त्यांचा चुना करायचा. वाळूसकट सगळा पट्टा त्याच्याकडं जाणार होता. म्हणजे आमची वाडी गेलीच...

दवंडी झाली होती. तहसीलदार साहेब जागा बघायला येतील तेव्हा ज्याची हरकत असेल त्यानं तिथंच सांगायची. हरकतीला तेव्हा 'उजर' म्हणायचे. आमच्याकडून वडीलच बोलणार होते. ते गेले, आणि साहेबांचा दिवस नेमका दहाव्याचाच आला.

आदल्या संध्याकाळी काका आले. त्यांचं शहरात शहागंजला किराणा दुकान, आणि दुकानाची जागा त्याच गुत्तेदाराची.

"तू आपलं पिंडाचं बघ," काका म्हणाले. "तिकडं मान वर करून बघायचं बी नाय. उद्या मला दुकान खाली करायला लावल त्यो."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं... कचेरीचा चपराशी दारावरून गेला तरी मी आत जाऊन बसायचो. तहसीलदारासमोर मी काय बोलणार होतो?

सकाळी एका बाजूला आमचा विधी आणि दहा पावलांवर साहेबांची खुर्ची. त्यांचा कारकून, म्हणजे पेशकार, परवान्याचा मजकूर उर्दूत वाचत होता. मी उर्दू शाळेतला, मला सगळं कळत होतं. वाळूत वाड्या करणारे, मेंढरं पाण्यावर आणणारे, सगळे येऊन बसले होते. आठवडाभर पारावर मोठमोठ्यानं बोलणारी ही माणसं आता बोटानं वाळूत रेघा ओढत होती.

"किसी को उजर है?" साहेबांनी विचारलं.

कुणी हललं नाही. आणि तेवढ्यात भटजी मला म्हणाले, "ऊठ बाळ, पिंड घेऊन पाण्यात जा." मी उठलो.

बसलेल्या सगळ्या लोकांत उभा असलेला मी एकटाच... पेशकारानं माझ्याकडं पाहिलं. "नाव?"

काय होतंय ते कळेपर्यंत माझं नाव तोंडातून निघून गेलं होतं. "वल्द?" मी वडिलांचं नाव सांगितलं. खाली मान घालून लिहिता लिहिता त्यानं पुढचं विचारलं, "हयात की मयत?"

वडील गेल्याचं मी तोवर कुणालाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. भेटायला येणाऱ्याला ते आधीच माहीत असायचं. "मयत," मी म्हणालो.

गुत्तेदार हसला. "साहेब, पोरगं दहाव्याला आलंय, उजराला नाय. त्याला नदीत जायचंय, जाऊ द्या त्याला."

साहेबांनी माझ्या भादरलेल्या डोक्याकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, पानी में जाने को उठे हो, या उजर है?"

सुटायची वाट समोर होती. गुत्तेदार खोटं बोलत नव्हता. लोकांच्या मागून काका मान हलवत होते, नको, नको... पलीकडं आमच्या वेलांना नुकती पानं फुटली होती.

"उजर है, हुजूर," मी म्हणालो. "वो बाडी हमारी है. अब वही है."

मग पलीकडच्या गल्लीतले करीमचाचा गुडघ्यांवर हात टेकत उठले. ते पैठणी विणायचे आणि रेशीम त्याच पाण्यात धुवायचे.

"मेरा बी लिख लेव, साब. कूड बांधे तो रेशम क्या घर के मटके में धोऊं? बीवी वैसे बी निकालने को बैठी है मेरे को."

कुणीतरी फिसकन हसलं. तशी मेंढरंवाली गयाबाई पदर खोचत उठली. "माझं बी लिव्हा. अन् मेंढरांचं बी लिव्हा, समदी हायती हितंच." मग एकेक जण उठत गेला.

काका त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. "तुझा बाप असाच होता," एवढंच म्हणाले आणि मोटारीच्या अड्ड्याकडं निघाले. ते रागानं म्हणाले की कशानं, मला कळलं नाही.

निकाल लागेपर्यंत हिवाळा गेला. ते दिवस आठवले की आधी भीतीच आठवते... दाराची कडी वाजली की आई माझ्याकडं बघायची, मी आईकडं. काकांचं दुकान जाईल, मला कचेरीत नेतील, कुणी वेल उपटून टाकील... रोज नवं काहीतरी डोक्यात यायचं.

शेवटी गुत्तेदाराला परवाना मिळाला, पण बराच खालच्या अंगाच्या पट्ट्याचा. आमची वाडी राहिली. साहेबांनी असं का ठरवलं ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारायला गेलो नाही. काकांच्या दुकानालाही कुणी हात लावला नाही.

पहिलं खरबूज आईनं करीमचाचांकडं पाठवलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गुत्तेदाराचा माणूस बसलेला असायचा, म्हणून मी फळ धोतरात झाकून लांबच्या वाटेनं गेलो.

धीट मी तेव्हा नव्हतो, पुढंही झालो नाही. पण मी उभा असताना आणखी कुणीतरी उठलं... चाचा आणि गयाबाई दोघंही जाऊन खूप वर्षं झाली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते.