शिवदासला कोणी विचारलं नाही

शिवदासचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. गोव्यात डिचोलीच्या खाणीवर ट्रकची रांग तेव्हाच लागायची. उशिरा येणाऱ्याच्या खेपा कमी होत. मी तिथे फिटर होतो. गाडी काढण्याआधी प्रत्येक टायर ठोकून पाहणारा ड्रायव्हर तो एकटाच.

खाणी बंद पडल्या. बापाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून शिवदासला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळत होतं. मात्र भारताचं सोडावं लागणार होतं. तो देवळात प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घ्यायला गेला. मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय.

गुरव बाबलीने हात आखडला. "तारा खंय?"

"हळर्णाक, माहेरी."

"घर तिचा पण आसा मा? ती येवंदे, मगे लावया."

दुसऱ्या दिवशी बायको तारा आली, तेव्हा पाकळ्या लागल्या. उजवी पडली.

पोर्तुगाल युरोपच्या संघात, इंग्लंडही संघात. म्हणून शिवदासला इंग्लंडात मोटारीच्या भागांच्या कारखान्यात काम मिळालं. मग २०१६ साली त्या देशाने मतदान घेतलं: संघात राहायचं की बाहेर पडायचं? चाळीसहून जास्त वर्षांची बांधणी, आणि प्रश्न एका ओळीचा. गिअरबॉक्स उघडण्याआधी आम्ही गोणपाट पसरायचो, काढलेले नट कुठे ठेवायचे ते ठरवायचो. यांनी बाहेर पडायचं ठरवून आधी खोललं, मग गोणपाट शोधत वर्षं घालवली. संघाच्या जिवावर तिथे राबणाऱ्या शिवदासला तर मतच नव्हतं.

त्याचा फोन आला. "सुपरवायझर म्हणता, मनाक लावून घेव नको, मत तुझ्या विरुद्ध नव्हता."

"मग कोणाच्या?"

"ता त्याका म्हायत नाय."

पुढे मालकाने कारखाना संघातल्या देशात हलवला. सुपरवायझरही घरी बसला.

"लोकांनी ठरवलं ना? मग झालं," चहाच्या दुकानात रुद्रेश मला म्हणाला. त्याचं बाजारात कापडाचं दुकान आहे.

"ठरवायला मेहनत लागते. फुली मारायला पेन्सिल पुरते."

"तू फिटर. तुला देशसुद्धा नटबोल्टचा दिसतो."

दिसतो. बाबली एका घरासाठी दिवसभर थांबला होता. त्या देशाला तेवढीही सवड नव्हती.

शिवदास परतला. आता त्याला तिथे काम नाही, इथे मत नाही. त्या पगारातून तो घरावर मजला चढवणार होता. शिल्लक राहिली त्यातून भारत सरकारचं एक कार्ड आलं: डिचोलीत, स्वतःच्याच घरात, परदेशी म्हणून राहण्याचं.