निर्माल्यात गेलेली सीडी

आमच्या घरी कॉम्प्युटर एका दिवसात आला नाही, तुकड्यातुकड्यानं आला. आधी पत्र्याचं रिकामं खोकं आलं. मग एका पिशवीतून हिरवी पाटी आली, जिला मदरबोर्ड म्हणतात. मग पंखा, मग वायरींचं भेंडोळं, मग टीव्हीसारखा जड पडदा. आमचे हे सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. उभा जन्म पुर्जे जोडण्यात गेला, तेव्हा तयार कॉम्प्युटर आणणं म्हणजे यांच्या मते हॉटेलातून पुरणपोळी आणण्यासारखं.

"तयार काहून घ्यायचा? मी जोडतो ना," म्हणाले.

मी म्हटलं, जोडा बाप्पा. तेव्हा मला काय माहीत, की जोडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग असतो!

कॉम्प्युटर पाहिजे कशाला, तर लेकीसाठी. लेक अमेरिकेत, पहिलटकरीण. बाळंतपण आईनं करायचं असतं, पण इकडे सासूबाई माकडहाड मोडून पलंगावर. त्यांना सोडून जाणार कशी? रडून झालं, जावयाची आई तिकडे गेली, आणि ठरलं असं, की निदान बारसं तरी पडद्यावर पाहायचं. कॉम्प्युटरवर इवलासा कॅमेरा बसवायचा, माइक लावायचा, तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे.

आता माझ्या माहेरची रीत सांगते, म्हणजे माझा जीव कुठे अडकला होता ते कळेल. आमच्याकडे बाळाचा पाळणा आईची आई बांधते. दुसऱ्याचा म्हणत नाहीत, त्या बाळासाठी नवा बांधतात. त्याचं शेवटचं कडवं मोकळं ठेवायचं. नाव ठेवलं, की ते ऐकायचं आणि तिथल्या तिथे कडव्यात घालून म्हणायचं. ते कडवं झाल्याशिवाय बाळाला पाळण्यातून उचलत नाहीत. माझ्या लेकीचं कडवं माझ्या आईनं म्हटलं होतं, खोकला लागलेला असताना. मी फार शिकलेली नाही, पण पाळणा मला बांधता येतो. चार कडवी तयार होती. नावाची जागा रिकामी होती.

कॉम्प्युटर जोडून झाला तो दसऱ्याच्या तोंडावर. आता सुरू करून पाहू, मी म्हटलं.

"खंडेनवमी परवावर आली. पूजेआधी मशीन चालवायची नाही," हे म्हणाले. "कारखान्यात आम्ही लेथला हळदकुंकू लावल्याशिवाय बटण दाबलं नाही कधी."

नवमीला पाट मांडला. पाटावर स्क्रू पिळायचा पेचकस, पक्कड, टेस्टर, सासूबाईंची सुपारी कातरायचा अडकित्ता, आणि मधोमध ते पत्र्याचं खोकं. त्याच्यासमोर केळीच्या पानावर सीड्या. प्रत्येक पुर्ज्यासोबत एक सीडी येते, तिच्यात त्या पुर्ज्याचा ड्रायव्हर असतो. ड्रायव्हर म्हणजे काय, ते मी मला कळलं तसं सांगते. नवी सून घरात आली, तर तिला घरची बोली शिकवणारी एखादी जाऊ लागते की नाही? तशी ही जाऊ. ती नसली तर पुर्जा जागेवर बसलेला असतो, पण घरात कोणाशी बोलत नाही.

"ह्या पोथ्याच समज मशीनच्या," असं म्हणून यांनी सीड्यांवर अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला, पाण्याचा हात लावून कुंकू ओढलं. पाकिटं ओली झाली, पानाला चिकटली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा करून यांनी सीड्या उचलून माझ्याकडे दिल्या, केळीची पानं, फुलं, सगळं गुंडाळलं आणि स्कूटरवरून ग्वारीघाटला जाऊन नर्मदामैयाला वाहून आले. मोठ्या श्रद्धेनं. हात जोडून.

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर कॉम्प्युटर लावला. पडदा उजळला. सासूबाईंनी पलंगावरूनच टाळी वाजवली. मग हे एक यादी उघडून बसले. तिच्यात मशीनमधल्या सगळ्या पुर्ज्यांची नावं होती, आणि त्यांतल्या तिघांच्या कपाळावर पिवळ्या गोळ्यात काळं उद्गारचिन्ह. आवाजाचं कार्ड, कॅमेरा आणि मोडेम. म्हणजे टेलिफोनच्या वायरीतून इंटरनेट आणणारा तो पुर्जा.

"काही नाही, ड्रायव्हर टाकायचे आहेत. सीड्या दे."

मी दिल्या. कॅमेऱ्याची टाकली, एक पिवळं गेलं. आवाजाची टाकली, दुसरं गेलं.

"मोडेमची दे."

"तुमच्याजवळच असेल."

"माझ्याजवळ काहून असेल? तू ठेवली."

"मी कशाला ठेवू? पूजा तुम्ही केली, उचललं तुम्ही."

यांनी पाट उचलून पाहिला. पाटाखाली काय असणार, दोन अक्षता. मग यांचा चेहरा हळूहळू असा झाला, की मला न सांगताच कळलं. आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काय रे, गंगेत घोडं न्हालं म्हणतात, तू नर्मदेत कॉम्प्युटर न्हाऊ घातला का?"

आता पाहा हं. मोडेमचा ड्रायव्हर हरवला तर तो मिळतो कुठे? इंटरनेटवर. आणि इंटरनेट येतं कशातून? मोडेममधून. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घ्यायचं, आणि वर शिकलेले लोक म्हणतात ही प्रगती.

दुसऱ्या दिवशी ओमती बाजारातल्या दुकानात गेलो, जिथून मोडेम घेतलं होतं. दुकानदार जाड चष्म्याचा, शांत माणूस. त्याच्याजवळ प्रत्येक दुखण्याला एकच काढा.

"आंटीजी, फॉर्मेट मार देते हैं."

"भैया, सीडी खो गई है. फॉर्मेट से सीडी वापस आएगी क्या?"

"नहीं, पर मशीन साफ हो जाएगी."

मशीन साफच होती हो! नवमीच्या पूजेआधी मी पुसलेली! शेवटी त्यानं आपल्या दुकानातल्या इंटरनेटवरून तो ड्रायव्हर उतरवून दिला. पण तो एका फ्लॉपीत मावेना, म्हणून तीन फ्लॉप्यांत तोडून दिला. घरी आलो. पहिली चालली. दुसरी चालली. तिसरी लावली, तर आतून कुरकुर आवाज आणि पडद्यावर इंग्रजीत नकार. परत ओमती. परत तीन फ्लॉप्या. या वेळी दुसरी रुसली. यांनी ती काढून धोतराच्या सोग्याला पुसली, फुंकर मारली, म्हणाले, "रेडिओ दुरुस्त होत होता फुंकरीनं."

"तो रेडिओ होता," मी म्हटलं.

इतक्यात तिकडे बाळ झालं. मुलगी. जावयानं फोनवर सांगितलं, आणि आनंदाच्या पाठोपाठ मी कॅलेंडर काढून बसले, कारण बारावा दिवस आता मोजता येत होता. सासूबाई तर सारख्या, "सूनबाई, तुमची ती पिवळी कुंकवाची टिकली गेली का?"

"नाही ना अजून."

"मग पोरीला काय फोटोतून पाळणा म्हणणार?"

तिसऱ्या खेपेला तिन्ही फ्लॉप्या धड निघाल्या. मोडेम चरचर, किर्रर, टुंग करून बोलायला लागलं. यादीतलं शेवटचं पिवळं चिन्ह गेलं. मी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, "पाहिलं? धीर पाहिजे."

धीर! लेकीशी जोडून पाहिलं, तर चित्र आलं. थांबून थांबून, चौकोनाचौकोनानं, पण आलं. लेक दिसली, ओठ हलले. आवाज नाही. मी ओरडले, "हॅलो!" तर ती दचकली. म्हणजे आमचं तिला जात होतं, तिचं आम्हाला येत नव्हतं. माइकची पिन काढली, तर तिचं येऊ लागलं आणि आमचं बंद. परत पिन लावली, परत ती मुकी. असं करता करता एकदा मोडेमनंच अंग टाकलं आणि चित्रसुद्धा गेलं.

यांनी खोकं उघडलं. कार्डं या खाचेतून त्या खाचेत घातली. पेचकस दातात धरून म्हणाले, "करून तर राहिलो ना मी!" मी काही बोललेसुद्धा नव्हते. आवाजाचा दुसरा, नवा ड्रायव्हर आणून टाकला, तर बोलणं-ऐकणं दोन्ही सुरू झालं आणि मोडेम बसलं. मोडेम उठवलं, तर आवाज बसला. मला सासुरवाशिणींचं भांडण आठवलं. एकीला चूल पाहिजे तर दुसरीलाही तीच चूल.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आंटीजी, दोनों में झगड़ा है. मॉडेम चाहिए तो आवाज का पुराना वाला ड्राइवर ही रखिए, वो वन-वे है. या बोलो, या सुनो. बीच में बदलोगे तो लाइन कटेगी."

"और दोनों चाहिए तो?"

"तो फॉर्मेट मार देते हैं."

फोन ठेवला.

बारशाच्या दिवशी त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. मी नऊवारी नेसले, नथ घातली. सासूबाईंचा पलंग कसाबसा दारापर्यंत ओढला, म्हणजे त्यांना पडदा दिसावा. आणि लाइन जोडायच्या आधी घरात प्रश्न उभा राहिला, बोलायचं की ऐकायचं?

"मला पोरीचं रडणं ऐकायचं," सासूबाई म्हणाल्या. "पणजी झाले मी. एवढे दिवस पलंगावर कशासाठी काढले?"

हे म्हणाले, "अगं, नाव ऐकू आलं नाही तर तुझं कडवं होणार कसं? ऐकायचंच ठेवू."

"आणि ऐकत बसले तर म्हणू कोणाला? भिंतीला?"

"फोनवर म्हण."

"फोनची लाइन तुमच्या मोडेमनं धरलेली नाही का!"

या कॉम्प्युटरचा मला एवढा राग आला, की ते खोकंसुद्धा निर्माल्यात द्यावं वाटलं. मग मी म्हटलं, माइक लावा. ऐकायला उद्या मिळेल, परवा मिळेल. पाळणा आजच म्हणायचा असतो. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते मला अजून आठवतं.

चित्र आलं. पाळणा दिसला, त्याला बांधलेली फुलं दिसली, बायकांच्या साड्यांचे रंग दिसले. बाळ म्हणजे एक गुलाबी ठिपका. मी सुरू केलं. समोरून काही येत नाही, आपण म्हणतो ते कोणाला लागतंय की नाही, काही समजत नाही. विहिरीत दोर सोडल्यासारखं. दुसऱ्या कडव्याला बायका टाळ्या वाजवताना दिसल्या, त्याही माझ्या म्हणण्याच्या मागून. म्हणजे पोचत होतं. चार कडवी झाली. तिकडे जावयाची बहीण पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी गेली, मग उभी राहून तिनं सगळ्यांना नाव सांगितलं. सगळ्या हसल्या. एकमेकींकडे पाहून नाव म्हणू लागल्या असाव्यात, ओठ हलत होते.

आणि आमच्याकडे शांतता. जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिचं नाव साऱ्या जगानं ऐकलं, फक्त आम्ही नाही. सासूबाईंनी तोंड इकडे वळवून विचारलं, "काय म्हणाली? काय ठेवलं?"

"काय माहीत!" मी पदर कपाळाला लावला.

यांनी कॅमेऱ्यासमोर जाऊन दोन्ही कानांवर हात ठेवले, मान हलवली, मग दोन्ही हात पसरून दाखवले. लेकीला आधी वाटलं बाबांचे कान दुखताहेत. मी माइकमध्ये ओरडले, "अगं, नाव कळलं नाही आम्हाला! कडवं अडलं आहे!"

तिनं काहीतरी म्हटलं. तेही कळलं नाही. मग जावयानं एकदम त्यांचा कॅमेरा उचलला. पडद्यावर छत फिरलं, पंखा फिरला, कोणाचा तरी खांदा गेला, आणि चित्र थांबलं. मग वरून एकेक पट्टी उतरू लागली. काठ. पितळेचं ताट. तांदूळ. बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीनं नाव लिहितात, ते ताट. अक्षरं एकाखाली एक लिहिलेली. पहिलं उतरलं, मी वाचलं. दुसरं उतरायला इतका वेळ लागला, की सासूबाई म्हणाल्या, "अंगठीनं लिहिलं का नांगरानं?" मग तेही आलं.

मी नाव मोठ्यानं म्हटलं. सासूबाईंनी परत म्हटलं. यांनी म्हटलं. मग मी शेवटचं कडवं धरलं, आणि नाव त्या रिकाम्या जागेत असं बसलं, जणू जागा त्याच मापाची ठेवली होती. तिकडे लेकीनं डोळे पुसले आणि वाकून बाळाला पाळण्यातून उचललं.

"आता काढा तो माइक," मी यांना म्हटलं.

लाइन तुटली. परत चरचर, किर्रर, टुंग. सासूबाईंना दिलासा द्यायला यांनी आवाजाची खुंटी होती तेवढी सगळी फिरवून ठेवली. जोडलं गेलं, आणि गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात, भांड्यांना कंप सुटेल असा आमच्या नातीचा टाहो फुटला. खिडकीतली चिमणी उडाली.

सासूबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले. "अरे, कमी करा रे त्याचा आवाज! पोरगी आहे का कारखान्याचा भोंगा?"

हे खुंटी शोधू लागले. मी म्हटलं, खबरदार, हात लावाल तर.